जकात : वाटसरूच्या हक्कापासून घाटातल्या नाक्यापर्यंत

मुंबईहून द्रुतगती मार्गाने पुण्याकडे येताना दोनदा थांबावे लागते. एकदा घाटाच्या पायथ्याशी खालापूरला आणि दुसऱ्यांदा घाट चढून मावळात आल्यावर उर्से गावाजवळ. या थांब्याला आज ‘टोलनाका’ म्हणतात. ‘टोल’ इंग्रजीतून आला. त्याआधी मालावर वाटेत जो कर भरावा लागे त्याला मराठीत एकच रुळलेला शब्द होता : जकात.

गंमत अशी, की हा शब्द ज्या भाषेतून आणि ज्या धर्मातून मराठीत आला, तिथे त्याचा अर्थ कर असा नाही. तिथे ते दान आहे. आणि त्या दानाचा हक्क ज्यांना सांगितला आहे, त्यांच्या यादीत शेवटचे नाव आहे वाटसरूचे.

ज्याला द्यायचे, त्याच्याकडूनच घ्यायचे, असा हा उलटा प्रवास कसा घडला? तो समजून घ्यायला मावळासारखी जागा नाही. या खोऱ्यात दानाचे लेख दगडात कोरलेले आहेत, आणि त्याच खोऱ्यातून कोकण व देश यांना जोडणारा बोरघाट जातो. दान आणि नाका दोन्ही एकाच वाटेवर.

आधी मूळ अर्थ पाहू.

अरबी ‘ज़कात’ या शब्दात शुद्धी आणि वाढ हे दोन्ही भाव आहेत. इस्लामच्या पाच स्तंभांपैकी हा एक. ज्याच्याकडे ठरावीक मर्यादेपेक्षा, म्हणजे जुन्या हिशेबाने २० दिनार सोने किंवा २०० दिरहम चांदी यांहून अधिक संपत्ती वर्षभर (चांद्र वर्ष) टिकून राहिली, त्याने तिचा चाळिसावा भाग, शेकडा अडीच, द्यायचा. शेतीच्या उत्पन्नाचा हिशेब वेगळा. पावसावर पिकणाऱ्या जमिनीचा दहावा हिस्सा, आणि जिथे माणसाने कष्टाने पाणी काढून शेत भिजवले तिथे विसावा. मावळातल्या भाताला हा नियम लावला असता तर दहावा हिस्सा द्यावा लागला असता, कारण इथे पाणी आभाळच देते, आणि तेही हात न आखडता!

यात एक बारकावा आहे. ऐच्छिक दानाला तिथे ‘सदका’ हा वेगळा शब्द रूढ आहे. रमजान संपताना ईदच्या नमाजापूर्वी घरातल्या प्रत्येक माणसामागे जे धान्य किंवा त्याची किंमत द्यायची, ती फित्रा. ज़कात मात्र ऐच्छिक नाही. ती देणाऱ्याची कृपा नसून घेणाऱ्याचा हक्क मानली जाते. मिळकतीतला तो अडीच टक्के भाग मुळातच दुसऱ्याचा, आपल्याकडे फक्त ठेवायला आलेला, अशी त्यामागची धारणा.

हा हक्क कुणाचा, हे कुराणाच्या नवव्या अध्यायातल्या ६०व्या वचनात सांगितले आहे. आठ वर्ग आहेत : निर्धन, गरजू, ज़कात गोळा करणारे कर्मचारी, ज्यांची मने जोडून घ्यायची आहेत असे लोक, गुलामगिरीतून सोडवायची माणसे, कर्जात बुडालेले, ईश्वराच्या मार्गातले कार्य, आणि ‘इब्नुस्सबील’. या शेवटच्या शब्दाचा शब्दशः अर्थ ‘वाटेचा पुत्र’. घरी तो श्रीमंत असेलही, पण आज वाटेत अडकला आहे, पैसा संपला आहे, ओळखीचे कुणी नाही. एवढ्यावर तो हक्कदार ठरतो. वाळवंटातून तांड्यांनी प्रवास करणाऱ्या समाजाला वाट म्हणजे काय ते पुरते ठाऊक होते.

सह्याद्रीतल्या लोकांनाही ते ठाऊक होते, आणि कितीतरी आधीपासून.

लोणावळ्याजवळच्या वेहेरगावच्या डोंगरात कार्ल्याची लेणी आहेत. एकवीरेच्या दर्शनाला जाणारे हजारो लोक त्यांच्या दारावरून जातात. प्राचीन लेखांत या जागेचे नाव वलूरक. इथले खांब, कमानी, शिल्पे कुण्या एका राजाने करून दिलेली नाहीत. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल, धेनुकाकट नावाच्या गावचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी सिंहदत्त, तिथलाच एक सुतार, तिथलेच स्वतःला ‘यवन’ म्हणवणारे अनेक जण, सोपाऱ्याहून आलेला भिक्षू अशा माणसांनी एकेक भाग दान दिला आणि त्यावर आपले नाव कोरवले. समोरच्या डोंगरातल्या भाज्याला पाण्याच्या टाक्यावर लेख आहे : महारठी विण्हुदत याचे दान. एक पाण्याचे टाके. चैत्यगृहाच्या भव्यतेपुढे ते किरकोळ वाटेल; पण एप्रिल महिन्यात भाज्याची चढण चढून आलेल्याला यातले कोणते दान मोठे, हे विचारून पाहावे.

कार्ल्याच्या लेखांत दोन लेख फार मोलाचे आहेत. पहिला उषवदाताचा. क्षहरात क्षत्रप नहपानाचा हा जावई. त्याने करजिक नावाचे गाव वलूरकच्या लेण्यांत राहणाऱ्या भिक्षूंना, पावसाळ्यातल्या त्यांच्या निर्वाहासाठी दिले. गाव दिले ते ‘चारी दिशांच्या’ संघाला, म्हणजे कुठूनही आलेल्या भिक्षूंना. पुढे सातवाहनांनी क्षहरातांचा पराभव केला. राज्य बदलले, शत्रूच्या जावयाने दिलेले दान रद्द करायला कारण आयते होते. पण दुसरा लेख सांगतो, की सातवाहन राजाने मामाल येथील अमात्याला आज्ञा पाठवून तेच करजिक गाव वलूरकच्या भिक्षूंकडे दिले, आणि त्यात राजाच्या माणसांनी शिरायचे नाही, हात घालायचा नाही, अशा सवलतीही लिहून दिल्या.

‘मामाल’ म्हणजे मावळ. या प्रदेशाचे नाव सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या ज्या कागदात (इथे कागद म्हणजे दगड) भेटते, तो लढाईचा वृत्तान्त नाही. ती दान चालू ठेवण्याची सरकारी आज्ञा आहे. मावळे म्हटले की ढाल-तलवार आठवणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

उषवदाताची खरी ओळख मात्र नाशिकच्या लेण्यांत होते. तिथल्या लेखात त्याच्या दानांची मोठी यादी आहे. भरूच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे त्याने वाटसरूंसाठी निवारे बांधले. तापी, दमण, पार, डहाणू अशा नद्यांवर नावांची सोय करून उतार मोफत केला. नदी ओलांडायला पैसे पडत, ते त्याने पुण्य म्हणून बंद केले. आजच्या भाषेत, टोलमाफीचे हे बहुधा महाराष्ट्राला ठाऊक असलेले सर्वांत जुने दान!

याच नाशिकच्या लेण्यांत त्याने आणखी एक व्यवस्था लिहून ठेवली आहे. तीन हजार कार्षापणे त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. दोन हजार महिना शेकडा एक दराने आणि एक हजार महिना शेकडा पाऊण दराने. पहिल्या ठेवीचे वर्षाचे व्याज २४० होते, आणि त्यातून लेण्यातल्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापणे मिळायची. हिशेब चोख जमतो. महत्त्वाची अट अशी, की मूळ रक्कम कधीही परत द्यायची नाही. फक्त व्याज वापरायचे. यालाच अक्षयनीवी म्हणतात. न संपणारी ठेव.

आता या ठेवीशेजारी, काही शतकांनंतरची, अरबस्तानातली एक गोष्ट ठेवू.

पुढे खलिफा झालेले उमर यांना खैबर इथे उत्तम जमीन मिळाली. तिचे काय करावे, असे त्यांनी प्रेषित मुहम्मदांना विचारले. हदीसच्या संग्रहांत त्याचे उत्तर नोंदलेले आहे : मूळ जमीन अडवून ठेव, तिचे उत्पन्न दान कर. त्यानुसार ती जमीन विकायची नाही, बक्षीस द्यायची नाही, वारसांना वाटायची नाही असे ठरले. उत्पन्न गरिबांना, आप्तांना, गुलामांच्या सुटकेला, पाहुण्यांना आणि, इथेही, वाटसरूला. ‘अडवून ठेवणे’ हाच ‘वक्फ’ या शब्दाचा अर्थ. उस्मान यांनी मदीनेजवळची रूमा नावाची विहीर विकत घेऊन सर्वांसाठी खुली केली, ही परंपरेतली दुसरी प्रसिद्ध कथा.

व्याजाबाबत दोन्ही परंपरांची भूमिका वेगळी आहे, हा फरक विसरू नये. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, म्हणून तिथे ठेवीऐवजी जमीन, दुकान, विहीर, बाग असे उत्पन्नाचे साधन अडवले जाते. मात्र मुद्दल कायम आणि फळ परक्याला, ही कल्पना एकच. एकाने दुसऱ्याकडून ती उचलली असे म्हणायला आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. दान आपल्या मृत्यूनंतरही चालावे असे ज्याला वाटते, तो फिरून याच उपायापाशी येतो.

वक्फ किती नाजूक गरजांपर्यंत पोहोचला, याचा एक किस्सा इब्न बतूताने लिहून ठेवला आहे. १३२६ साली तो दमास्कसमध्ये होता. रस्त्यात एका नोकर पोराच्या हातून चिनी मातीची बशी पडून फुटली. मालक मारील म्हणून पोर घाबरले. लोकांनी त्याला सांगितले, तुकडे गोळा कर आणि भांड्यांच्या वक्फाच्या कारभाऱ्याकडे ने. तिथे तुकडे दाखवल्यावर त्याला नवी बशी घेण्यापुरते पैसे मिळाले. फुटलेल्या बशांसाठी कुणीतरी मालमत्ता राखून ठेवली होती!

मग एवढ्या हळुवार परंपरेतला शब्द घाटातल्या नाक्यावर कसा येऊन बसला?

त्याचे बीजही उमर यांच्याच काळात आहे. राज्य वाढले, व्यापारी दूरदूर जाऊ लागले. त्यांच्याकडच्या फिरत्या मालावरची ज़कात कशी घ्यायची? म्हणून हमरस्त्यांवर अधिकारी नेमले गेले. मुसलमान व्यापाऱ्याकडून अडीच टक्के, राज्यातल्या मुसलमानेतर प्रजाजनाकडून पाच आणि परराज्यातून आलेल्याकडून दहा, असे दर ठरले. मुसलमानाने भरलेली रक्कम ही त्याची ज़कात. इतरांनी भरलेली रक्कम हा नुसता कर. धर्मशास्त्रात हा भेद स्पष्ट होता. परंतु नाक्यावर उभे राहिले की दोन्ही रकमा एकाच पेटीत पडताना दिसत, आणि लोकांनी पेटीला एकच नाव दिले.

भारतातल्या फारसी राजव्यवहारात ‘ज़कात’ हा शब्द मालावरच्या पथकरासाठी सर्रास वापरला गेला. दिल्लीच्या फिरोजशाह तुघलकाने शरीयतबाह्य कर काढून टाकले तेव्हा जे मोजके कर राखले त्यात ज़कात होती. औरंगजेबाने १६६५ मध्ये मालावरचा दर मुसलमानांना अडीच आणि हिंदूंना पाच टक्के ठरवला. १६६७ मध्ये मुसलमानांना तो पूर्ण माफ केला. दर धर्मावरून ठरत होता हे लपवण्यात अर्थ नाही. ज्या व्यवस्थेत देणाऱ्याचा धर्म पाहून दर दुप्पट होतो, तिला दान म्हणणे अवघड आहे, मग तिचे नाव काहीही असो.

मावळावर बहमनी, मग निजामशाही आणि आदिलशाही सत्ता आल्या. त्यांच्या कारभाराबरोबर शेकडो अरबी-फारसी शब्द गावगाड्यात उतरले. इथल्या बहुसंख्य रयतेने मुसलमान घरातली ज़कात, म्हणजे वर्षाचा हिशेब करून गरजूच्या हाती गुपचूप दिलेली रक्कम, पाहिली असण्याचे कारण नव्हते. ते देणे घरातल्या घरात होई. रयतेला हा शब्द भेटला तो बैल थांबवणाऱ्या शिपायाच्या तोंडी. म्हणून मराठीत त्याचा तोच अर्थ राहिला.

असाच आणखी एक शब्द याच वाटेने आला, आणि त्याची कथा मावळाच्या अगदी शेजारी घडलेली आहे. ‘गरीब’ म्हणजे आज आपल्याकडे निर्धन. अरबीत ‘ग़रीब’ म्हणजे परका, घरापासून दूर आलेला. बहमनी राज्यात इराण, अरबस्तान, मध्य आशिया इथून आलेल्या सरदारांना ‘गरीब’ किंवा ‘आफाकी’ म्हणत आणि स्थानिक मुसलमान सरदारांना ‘दख्खनी’. या दोन गटांत उभा दावा होता. पंधराव्या शतकाच्या मध्यात मलिक-उत-तुज्जार खलफ हसन बसरी याची कोकणावरची मोहीम शिर्क्यांच्या डावपेचांमुळे सह्याद्रीच्या रानात बुडाली. वाचलेले परदेशी सैनिक चाकणच्या किल्ल्यात आश्रयाला आले, आणि तिथे दख्खनी सरदारांनी त्यांची कत्तल घडवून आणली. ही हकिकत फिरिश्ता सांगतो. तो स्वतः इराणी मुलखातून आलेला, म्हणजे ‘गरीब’च, हे ध्यानात ठेवून ती वाचावी.

पण परका आणि निर्धन हे दोन अर्थ एका शब्दात एकत्र आले, यात वाटेवरच्या माणसाचे वास्तव आहे. ‘वाटेच्या पुत्रा’ला ज़कातीचा हक्क का दिला होता, ते इथे कळते. परक्या मुलखात माणूस फार लवकर गरीब होतो, दोन्ही अर्थांनी.

स्वराज्यात जकात हे राजकारणाचे साधनही बनले. १६७१ मध्ये शिवाजी महाराजांनी कुडाळचा सरसुभेदार नरहरी आनंदराव याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशचे मीठ स्वस्त पडते, व्यापारी तिकडे वळतात आणि आपल्या मुलखातली मिठागरे बसतात. म्हणून बारदेशच्या मिठावर एवढी जकात बसवा की ते संगमेश्वरच्या मिठापेक्षा महाग पडेल, असा त्याचा आशय. आपल्या प्रजेच्या धंद्याला संरक्षण म्हणून आयातकर! या पत्रात ‘जकात’ शब्दाला दानाचा वासही उरलेला नाही. तरी रयतेच्या पोटाची काळजी त्यात आहे, आणि ती मूळ शब्दापासून फार लांब नसावी.

दान मात्र थांबले नव्हते. ते दुसऱ्या नावाने चालू होते : इनाम, आणि दिवाबत्ती.

कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिलेल्या बखरीत महाराजांच्या धर्मादायाची नोंद आहे. देवस्थानांबरोबर मुसलमानांचे पीर आणि मशिदी यांची दिवाबत्ती, नैवेद्य यांसाठी आधीपासून चालत आलेली नेमणूक स्थान पाहून चालू ठेवली, असे तो सांगतो. मामालच्या अमात्याला गेलेल्या आज्ञेची इथे आठवण होते. करजिकचे दान शत्रूने दिले होते. पिरांची दिवाबत्ती आदिलशाही-निजामशाहीने लावली होती. दोन्ही वेळी नव्या सत्तेने जुने दान चालवले. यात उदारपणा होताच, पण व्यवहारही होता. आज आपण दुसऱ्याचे दान मोडले तर उद्या आपले कोण पाळील, हा हिशेब प्रत्येक राज्यकर्त्याला कळत असे. त्यासाठी दानपत्रांत शपथा लिहीत. हे दान हिंदूने मोडले तर त्याला गाईची आण, मुसलमानाने मोडले तर डुकराची, अशी दोन्हीकडची तजवीज एकाच कागदात असे. शिलाहार आणि यादव काळातल्या गधेगाळांनी हेच काम दगडावर, बऱ्याच अधिक उघड्यावाघड्या रीतीने केले होते.

‘इनाम’ हाही मूळ अरबीच शब्द, कृपेने दिलेली देणगी या अर्थाचा. आज तो बक्षिसासाठी किंवा गुन्हेगार पकडून देणाऱ्याला जाहीर केलेल्या रकमेसाठी उरला आहे. ‘खैरात’ची दशा त्याहून वाईट. ‘खैर’ म्हणजे भले; ‘खैरात’ म्हणजे भली कामे. मराठी वृत्तपत्रांत खैरात होते ती आश्वासनांची, तीही निवडणुकीआधी.

पेशवाईत जकातीचे जाळे फार दाट झाले. दुष्काळात धान्यावरची जकात माफ केल्याच्या नोंदी पेशव्यांच्या कागदांत आहेत. एरवी मात्र माल हलला की जकात. माल विकत घेतला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, आणि मधल्या वाटेवर जागोजाग नाके. प्रत्येक जहागीरदार आपल्या हद्दीत वेगळी वसुली करी. १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी अहवाल लिहिला. त्यात या गोंधळातून निघालेल्या एका धंद्याची नोंद आहे : हुंडेकरी. व्यापाऱ्याने एकरकमी पैसे हुंडेकऱ्याला द्यायचे. मग वाटेतल्या सगळ्या नाक्यांशी हुंडेकरी मिटवून घेई आणि माल मुक्कामी पोहोचवी. नाके इतके, की नाक्यांतून वाट काढून देणे हाच स्वतंत्र व्यवसाय झाला.

त्याच काळात घाटाच्या तोंडाशी वाटसरूसाठी कुणी काही करीत नव्हते असे नाही. बोरघाटाच्या पायथ्याला खोपोलीत नाना फडणविसांनी बांधलेला तलाव आणि शिवमंदिर आहे. चढणीआधी बैलाला पाणी आणि माणसाला सावली. कितीतरी शतकांपूर्वी याच डोंगरांत विण्हुदताने टाके दिले होते त्याच कुळीतले हे दान. एका हाताने नाका, दुसऱ्या हाताने तलाव. सत्तेला दोन्ही हात असतात, प्रश्न कोणता हात लांब आहे याचाच असतो.

१८३० मध्ये मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. १८३८ मध्ये इंग्रज सरकारने मुंबई इलाख्यातली देशांतर्गत पारगमनाची जकात रद्द केली. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली. शब्द मात्र मेला नाही. नगरपालिकांनी शहरात येणाऱ्या मालावर कर बसवला तेव्हा लोकांनी त्यालाही जकातच म्हटले. पुण्यात ती २०१३ मध्ये, मुंबईत २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा संपली. वसुली थांबली तरी ‘जकात नाका’ हे नाव बसथांब्यांवर आणि रिक्षावाल्यांच्या तोंडी टिकून आहे.

वक्फाला इंग्रजी न्यायालयात वेगळीच अडचण आली. १८९४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असा निर्णय दिला, की ज्या वक्फाचा लाभ मुख्यतः दात्याच्या कुटुंबालाच मिळतो आणि गरिबांचा वाटा नावापुरता व दूरचा आहे, तो वक्फ वैध नाही. मुसलमान समाजात त्यावर मोठी नाराजी उसळली, कारण त्यांच्या शास्त्रात आप्तांना देणे हेही दानच. अखेर १९१३ मध्ये कायदा करून असे वक्फ पुन्हा वैध ठरवण्यात आले. ते विधेयक मुंबईच्या एका तरुण बॅरिस्टराने पुढे नेले होते. नाव महंमद अली जीना. न्यायाधीशांचा प्रश्न अगदी गैर मात्र म्हणता येत नाही. घरच्यांसाठी मालमत्ता राखून तिला दानाचे नाव देणारे लोक सर्व धर्मांत असतात, आणि वाटसरूचा वाटा सगळ्यात आधी कापला जातो.

वाटसरूचा तो वाटा अगदी मूळ रूपात पाहायचा असेल तर घाट उतरून मुंबईला जावे लागते. क्रॉफर्ड मार्केटजवळ हाजी साबू सिद्दीक यांच्या नावाचा मुसाफिरखाना आहे. हजला जाण्यासाठी देशभरातून लोक मुंबई बंदरात येत. जहाज मिळेपर्यंत दिवस जात. शहर परके, खिशात मोजके पैसे. अशांसाठी कच्छी मेमन व्यापाऱ्यांच्या देणगीतून उभी राहिलेली ही जागा. भरूच आणि सोपाऱ्याला उषवदाताने बांधलेले निवारेही बंदरांतच होते. लोणावळा-खंडाळ्यात वेगवेगळ्या समाजांनी हवापालटासाठी बांधलेली धर्मादाय आरोग्यभवने त्याच घराण्यातली म्हणावी लागतील. तिथे वाटसरूची जागा आजाऱ्याने घेतली, एवढेच.

आजही रमजान आला की महाराष्ट्रातल्या मुसलमान घरांत वही निघते. सोने किती, रोकड किती, दुकानातला माल किती, देणी किती. वजाबाकी करून चाळिसावा भाग बाजूला काढला जातो. तो कुणाला द्यायचा यावर घरात चर्चा होते. अनेक जण आपल्याच गल्लीतली विधवा, शाळेची फी थकलेले पोर, दवाखान्यात अडकलेला नातलग यांना आधी देतात, कारण जवळच्या गरजूला आधी द्यावे अशी शिकवण आहे.

आणि इथे भाषेची एक मौज उरते. मराठी बोलणाऱ्या मुसलमान दुकानदाराच्या तोंडी हे दोन्ही शब्द पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदले. ‘ज़कात’चा उच्चार तो अरबी-उर्दू वळणाने करी, ‘जकात’चा मराठी वळणाने. कानाला फरक जेमतेम, अर्थात जमीन-अस्मानाचा. पालिकेची जकात थकली तर पावती, दंड, माल अडकवणे. रमजानची ज़कात थकली तर विचारायला नाक्यावर कुणी नाही. वही त्याची, हिशेब त्याचा. पहिली भरून माल आत यायचा. दुसरी देऊन झाली की उरलेला माल आपला झाला, असे तो मानी.